बांदेंग-वीर आणि जास्वंदीचा गाऊन

पोनिमनच्या दोन्ही कानांना कपडे वाळत घालायचे चिमटे लटकत होते, तिसरा नाकाला होता, आणि तरीही गडी भाषण ठोकत होता. डॉमिनोत हरेल त्याने चिमटे लावून बसायचं, हा गल्लीतल्या पहारा-चौकीचा कायदा. पोनिमन रोज हरायचा, त्यामुळे त्याचं नाकातलं बोलणं आता सगळ्यांना व्यवस्थित कळायचं.

भाषणाचा विषय होता कार्सिदीचा हिरो.

चौकीच्या भिंतीवर एक फळा होता. खरं तर पहाऱ्याच्या पाळ्या लावायला, पण पाळ्या कुणी पाळेना, तेव्हा कार्सिदीने तो बळकावला. त्याचा धंदा होड्या रंगवायचा. पण दर शुक्रवारी लोक नमाजाहून परतायच्या आत फळ्यावर कॉमिकचं नवं पान चिकटवलेलं असायचं. हिरोचं नाव बांदेंग-वीर. बांदेंग म्हणजे जावाच्या किनाऱ्यावरच्या तळ्यांतला मासा, चवीला फर्मास आणि आत काटे इतके की खाणारा अल्लाचं नाव घेऊनच घास गिळतो. हा वीर बोटांतून काटे फेकायचा. त्याने मोटारसायकली चोरणारे धरले, वजनात मारणारा मासळीवाला चिखलात बसवला, डेंग्यूच्या डासांच्या राजाला तर डोंगरापर्यंत पिटाळलं. प्रत्येक खलनायकाला गल्लीतल्याच कुणाचा तरी चेहरा. ज्याचा असेल तो आठवडाभर छाती काढून फिरणार.

परदेशी उडणारे हिरो कार्सिदीला चालत नसत. त्यांना आपल्या गल्लीत कुठून वळायचं ते तरी माहीत आहे का, असं तो विचारायचा. लहानपणी बाजारात भाड्याने कॉमिक देणाऱ्याच्या बाकावर बसून त्याने आपल्याच जावाच्या मातीतले, लुंगी खोचून लढणारे हिरो वाचले. मालक हाकलेपर्यंत एकच पुस्तक पुन्हापुन्हा वाचायचं आणि घरी येऊन आठवून काढायचं, ही त्याची चित्रकलेची शाळा.

पोनिमनचं म्हणणं एवढंच होतं, की तुझा वीर सगळ्यांना बडवतो, पण भरतीच्या पाण्याला बोट लावत नाही. टरकतो.

हे ऐकत होते ते सगळे पाय बाकावर घेऊन बसलेले. बाकाखाली पाणी होतं. देमाकच्या त्या किनाऱ्यावर जमीन खचत होती आणि समुद्र रोज पाहुण्यासारखा घरात येत होता, फरक इतकाच की पाहुणा कधीतरी जातो.

कार्सिदी म्हणाला, माझा वीर कुणाच्या बापाला भीत नाही. मग पैज लागलीच. सतरा ऑगस्टच्या, म्हणजे इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यदिनाच्या आत वीराने पाण्याला हरवून दाखवायचं. पोनिमन खोट काढणार. नाही जमलं, तर त्या दिवशीच्या बाप्यांच्या फुटबॉलमध्ये कार्सिदीने गोलकीपर म्हणून उतरायचं, आणि अंगात काय, तर पोनिमनच्या बायकोचा लाल जास्वंदीचा गाऊन. त्या दिवशी बायकांचे गाऊन घालून खेळायची गल्लीची रीतच. फक्त कार्सिदी आजवर कधी उतरला नव्हता. तो लाऊडस्पीकरवर बसून बाकीच्यांची टर उडवायचा. त्यामुळे सगळे खूश झाले.

"आणि मी जिंकलो तर?" कार्सिदीने विचारलं.

पोनिमनने नाकाचा चिमटा काढला. "तर मी ट्रक परत पाठवतो."

कसला ट्रक, हे कुणी विचारलं नाही. आदल्या महिन्यात दोन घरं ट्रकनेच गेली होती. पोनिमनची मेहुणी वर डोंगरात उंगारानला राहायची, तिच्याकडे एक खोली होती. पोनिमन गल्ली सोडतोय हे कार्सिदीला त्या क्षणी कळलं, चारचौघांत, आणि तेही चिमटेवाल्या माणसाकडून. बायको वारल्यापासून त्याचं रात्रीचं ताट पोनिमनच्या घरी असायचं. भातावर काय आहे हे न विचारता जिथे जेवता येतं असं त्याचं ते एकच घर.

म्हणून तो भांडायला बसल्यासारखा चित्र काढायला बसला.

पहिल्या शुक्रवारी बांदेंग-वीर समुद्र पिऊन टाकतो. पोनिमनने पान वाचलं, भजी चावत विचार केला आणि विचारलं, की एवढं प्यायल्यावर हा लघवीला कुठे जाणार. चौकी इतकी हसली की कार्सिदीलाही हसावं लागलं.

पुढच्या पानावर वीराने काट्यांची भिंत बांधली. पोनिमन म्हणाला, भिंत तर कंत्राटदारानेही बांधली होती. तेव्हा पाणी कुठून आलं? सगळ्यांना माहीत होतं. खालून, चुलीशेजारच्या फटीतून. भिंत बघत बसली.

तिसरं पान मात्र भारी जमलं. वीर अख्खं गाव खांद्यावर उचलून उभा, मशीद, चौकी, वाळत घातलेल्या कपड्यांसकट, आणि खाली समुद्र खजील होऊन बसलेला. गल्लीचे प्रमुख पाक मुजियोनो, पाक म्हणजे तिथलं आदराचं 'राव', चष्मा पुसून म्हणाले, की यात त्यांना तरी खोट दिसत नाही. पोनिमनने पान दोनदा वाचलं आणि हातातली भजी खाली ठेवली. कार्सिदीला वाटलं, जिंकलो. त्याने चौकीत सगळ्यांना कॉफी सांगितली.

तेवढ्यात पोनिमनची मेहुणी वार्तिनी आली. सामान किती आहे ते बघायला उतरली होती, आणि सकाळपासून प्रत्येक दारात कपाळ आपटून घेतल्यामुळे टेंगूळ चोळत होती. तिने शेजारचं भिंतीचं पान बघितलं, त्यात वीर घरांपुढे उभा होता, आणि कौतुकाने विचारलं, की हा हिरो राक्षस आहे का.

राक्षस कसला, सगळे म्हणाले, आपल्या कार्सिदीएवढाच आहे.

"मग दारं याच्या छातीपर्यंतच का?" वार्तिनी म्हणाली.

चौकीला प्रश्नच कळेना. दारं छातीपर्यंतच असतात. पाणी वाढलं की घरात डबर टाकून जमीन उचलायची, छप्पर आणि चौकट आहे तिथेच राहणार. मग माणूस वाकून आत जातो. लग्नातला नवरदेवही वाकूनच जातो. बाहेरच्या जगात दारं माणसापेक्षा उंच असतात हे चौकीवर बसलेल्यांपैकी कुणाच्या ध्यानातच नव्हतं. मग एकदम हशा पिकला आणि वार्तिनीला भजी मिळाली.

कार्सिदी हसला नाही. घरी गेला, वाकून आत शिरला, आणि विटांवर चढवलेल्या पलंगावर जुनी पानं पसरली.

मोटारसायकलचोरांच्या पानात दार वीराच्या डोक्याच्या बरंच वर होतं. मासळीवाल्याच्या वेळी डोक्याला टेकलेलं. डासांच्या राजाशी लढताना कपाळापाशी. नंतर खांद्याशी. वीर काही वाढला नव्हता. कार्सिदी समोर दिसेल तसं काढत गेला होता, बस. प्रत्येक पानावर पुढे वीर जिंकत होता आणि मागे, चित्रात कुणी बघत नाही त्या जागी, पाणी. इतकी वर्षं त्याने समुद्राच्या विजयाचंच कॉमिक काढलं होतं, आणि हिरोचं नाव मात्र भलत्याचंच लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी पोनिमन आपणहून आला. दारात वाकूनच उभा राहिला, आत शिरला नाही.

"ते तिसरं पान राहू दे," तो म्हणाला. "मला खोट सापडत नाही. मी हरलो म्हणून सांगतो सगळ्यांना."

"आणि ट्रक?"

"पाठवतो परत. पैज म्हणजे पैज."

कार्सिदीच्या ओठांवर हो आलं होतं. जीभ उचलायचाच अवकाश. संध्याकाळी तो नेहमीसारखा जेवायला गेला. पोनिमनची बायको तार्मीवहिनी स्टुलावर पाय ठेवून बसली होती. खाऱ्या पाण्याने बोटांमधली कातडी गेलेली, त्याला पिवळं मलम, त्यावर फडकं. तिने बसल्या बसल्याच ताट पुढे सरकवलं आणि म्हणाली, ऐकलं मी, भाऊजी, तुम्ही जिंकलात म्हणे. बरं झालं. मग ती फडकं नीट करत राहिली. कार्सिदी जेवला. भातावर काय होतं हे त्याला नंतर आठवेना.

सतरा तारखेला सकाळी फळ्यावरचं गाव उचलणारं पान गेलेलं होतं. त्या जागी एकच मोठं चित्र. बांदेंग-वीर पोनिमनच्या दारातून बाहेर पडतोय, दुमडून, नाक गुडघ्याला लागेल इतका वाकून, आणि पाठीवर तार्मीवहिनीचं आरशाचं कपाट. बोटांतून काटे नाहीत. दोन्ही हातांनी दोर धरलेला.

पोनिमन पानासमोर उभा राहिला. बाकीचे जरा लांब सरकले.

"पाणी कुठे हरलं यात?"

"नाही हरलं."

"मग तू हरलास."

"हो. गाऊन आण."

गाऊन आला. कार्सिदीला तो पोटावर घट्ट आणि खांद्यावर ढगळ झाला. चौकीवाल्यांनी शिट्ट्या मारल्या, पाक मुजियोनोंनी लाऊडस्पीकर ताब्यात घेऊन आजवरचे सगळे हिशेब चुकते केले. कार्सिदीची चाल, कार्सिदीची कंबर, कार्सिदीला मागणी घालायला येणारी स्थळं. पोटऱ्या बुडतील एवढ्या पाण्यात मैदान होतं. गाऊन घातलेले बाप्ये धडपडत होते, बायका पोट धरून हसत होत्या, आणि हसण्याला दुसरं निमित्त नको होतं.

ट्रक निघाला तो बरोबर मैदानाच्या कडेने, कारण सुका रस्ता तेवढाच होता. मागे कपाटाला पाठ लावून तार्मीवहिनी बसली होती, पाय गादीवर. पोनिमन पुढे ड्रायव्हरशेजारी होता, पण त्याने मान वळवली नाही. वहिनीने गोलात उभा असलेला आपला गाऊन बघितला आणि तोंडाला ओढणीचं टोक लावलं, हसायला की कशाला ते एवढ्या लांबून कळलं नाही. कार्सिदीने हात वर केला आणि तसाच ठेवला.

कुणीतरी चेंडू मारला. पाण्यात तो लगेच थांबला, मग ओहोटीबरोबर आपणच सरकू लागला, सावकाश, कुणालाही घाई नसल्यासारखा. कार्सिदीच्या गुडघ्याला घासून तो गोलाच्या दोन बांबूंच्या मधून पलीकडे गेला. पाक मुजियोनोंनी तोंडाशी नेलेला लाऊडस्पीकर खाली घेतला.