न दुखणारं लोखंड

"दुखत नाही ते उकरायचं कशाला?" दादाचं हे वाक्य ठिणगीने इतक्यांदा ऐकलं होतं, की त्याने तोंड उघडायच्या आतच तिच्या कपाळाला आठी पडायची. गेट आणि ग्रिल बनवायचं वर्कशॉप दोघं बहीणभाऊ मिळून चालवायचे. तो लोखंड कापायचा, ती वेल्डिंग करायची; म्हणून तर बाबांनी तिला ठिणगी म्हणायला सुरुवात केली. बाबा कॅन्सरने गेले, त्यांच्या आधी आत्या गेली, दोघंही ऐन उमेदीत. आता रक्ततपासणीत कळलं, की घराण्यातला कॅन्सरचा तोच दोष या दोघांतही उतरलाय. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, दरवर्षी एमआरआय मशीनमध्ये सगळं अंग तपासून घ्या, म्हणजे काही उगवलंच तर लहान असताना सापडेल.

दादाने कानांवर हात ठेवले. "बाबा चांगले धडधाकट होते. डॉक्टरांनी हात लावला आणि माणूस गेला."

"हात लावला तेव्हा पोटात मुठीएवढी गाठ होती, दादा."

"मला नाही घाबरत घाबरत जगायचं."

"मग आता काय करतोयस? घाबरूनच जगतोयस, फक्त डोळे मिटून."

बोलून तिलाच वाईट वाटलं, पण शब्द काही तिने मागे घेतला नाही. ती स्वतः काय कमी टरकली होती? पण बाबांना त्या दुखण्याने गाफील गाठलं, तसं आपल्याला गाठू द्यायचं नाही, हे तिने पक्कं केलं होतं.

तपासणीच्या दिवशी मशीनवाल्याने प्रश्नांची सरबत्ती लावली. पेसमेकर? नाही. हाडात स्क्रू, पट्टी? नाही. डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता?

"नाही," ती ठणकावून म्हणाली. खोटं बोलायचं तिच्या मनातही नव्हतं. वर्कशॉपमध्ये डोळ्यात रोजच काही ना काही जातं. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक पापणीपाशी धरायचं, कण बाहेर आला की डोळा पुसायचा आणि कामाला लागायचं, ही बाबांनी घालून दिलेली रीत. जो कण निघाला, तो गेला होता असं त्यांच्यात कुणी धरतच नाही.

दार उघडता उघडता मशीनवाल्याचं लक्ष तिच्या मनगटावरच्या बारीक डागांकडे गेलं. "भाजलंय का, ताई?"

"छे! वेल्डिंगच्या ठिणग्या. चालायचंच."

त्याने उघडलेलं दार तसंच लावून घेतलं. "आधी डोळ्यांचा एक्स-रे. आत केवढं मोठं चुंबक आहे माहितीये? एखादा कण राहिला असेल तर तो जागचा हलेल. डोळा जाईल तुमचा!"

एक्स-रेमध्ये उजव्या डोळ्यात पांढरा ठिपका दिसला. तपासणी रद्द झाली.

दादाला आनंद लपवता येईना. "बघ, वरच्यालाच मंजूर नाही. आता तरी गप बस."

"वरच्याचं आणि माझं मी बघून घेईन," ती म्हणाली आणि तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली.

त्यांनी कण काढला. काळपट, गंजलेला. "बरीच वर्षं मुक्काम दिसतोय याचा. कधी दुखलं नाही?"

"कधीच नाही," ती म्हणाली, आणि स्वतःच्याच शब्दांपाशी अडखळली. मग तिने तो कण एका छोट्या बाटलीत मागून घेतला.

पुढच्या खेपेला ती मशीनमध्ये गेली. आत ठोकाठोकी सुरू झाली तेव्हा तिला वर्कशॉपच्या फरशीवर आडवं पडल्यासारखं वाटलं. घाम फुटला, रडूही आलं. तरी ती तसूभर हलली नाही. बघा म्हणावं, एकही कानाकोपरा सोडू नका.

डाव्या मूत्रपिंडावर वाटाण्याएवढी गाठ होती. डॉक्टरीणबाई जपून जपून सांगत होत्या. ठिणगीला असा काही संताप आला, की भीतीला उभं राहायला जागाच उरली नाही. सापडलीस ना! आता बघतेच तुझ्याकडे.

"कधी काढताय?" तिने विचारलं.

तिथून ती थेट वर्कशॉपमध्ये गेली आणि दादाच्या पुढ्यात बाटली आपटली.

"हे काय?"

"माझ्या डोळ्यातलं लोखंड. कितीतरी वर्षं होतं आत. दुखत नव्हतं." तिने कुशीवर हात ठेवला. "इथेही एक सापडलंय. तेही दुखत नाही. पुढच्या आठवड्यात काढतायत. बाबांना मुठीएवढं झाल्यावर कळलं, मला वाटाण्याएवढं असताना. उकरलं म्हणून कळलं!"

दादाने बाटली उजेडात धरली. "तुला काही झालं तर..."

"आणि तुला झालं तर माझं काय?" ती ओरडलीच. "बाबांच्या खाटेशी बसले तशी तुझ्या खाटेशी मी बसणार नाही. सांगून ठेवते!"

दादाने उठून कटरचं बटण बंद केलं, लोखंडी दाराच्या चौकटीला चिकटवलेलं बाबांचं चुंबक ओढून काढलं आणि तिच्या हातात ठेवलं.

"त्या मशीनवाल्याला आधीच सांगून ठेव," तो म्हणाला, "माझ्या दोन्ही डोळ्यांत कैकदा गेलंय."