गोजरबाईच्या मनगटावरची काडी

आष्टीच्या देवळापुढं सारं गाव लोटलं होतं. देवीचा चांदीचा मुखवटा गायब झाला होता, आणि चोर धरायला बोलावलेला काडीबाबा ओट्यावर बसला होता. शेजारच्या चुलीवर तेलाची कढई उकळत होती.

बाबा एकेकाला समोर बसवी, मनगटावर नाडीच्या जागी मेणाचा ठिपका लावी, त्यात गवताची बारीक काडी खोवी. "लांब श्वास सोड, बच्चा! साव असशील तर काडी डोलंल, चोर असशील तर नाचंल. काळीज खोटं बोलत न्हाई!"

कारभारी पाटलाची काडी डोलली. म्हाताऱ्या कचरू गुरवाची तर इतकी संथ डोलली, की तो बसल्या जागी पेंगला.

मग गोजरबाईची पाळी आली. मेंढरं राखून पोट भरणारी ही विधवा रोज देऊळ झाडायची. हसण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. तिच्या बाजूनं बोलणारंही कुणी नव्हतं, आणि हे बाबानं बराबर हेरलं होतं. त्यानं तिला कढईला खेटून उभं केलं आणि डोळे वटारले. काळीज आवरू म्हणता आवरेना. काडी थुईथुई नाचायला लागली!

"हीच चोर!" बाबा गरजला. "घाल हात तेलात! खरी असशील तर भाजणार न्हाई."

"म्या न्हाई घेतला वो मुखवटा," ती रडकुंडीला आली. "पर हे काळीज माझं ऐकून न्हाई राह्यलं!"

"कुणाचंच ऐकत न्हाई, मावशी."

गर्दीतून वाटूरचे डॉक्टर बद्रीनाथ पुढं आले. ते पटकीच्या साथीची सुई टोचायला गावात आले होते. त्यांनी काडी पाटलाच्या मनगटावर बसवली. "पाटील, लांब श्वास सोडा. हळू... आणखी हळू." काडी डुलायला लागली. एकाएकी डॉक्टर ओरडले, "पाटील, तुमचा बैल विहिरीत पडला!"

पाटील टुणकन उठले. काडी थडथड नाचली.

"पाटील चोर!" मागून कुणीतरी किंचाळलं, आणि सारं गाव खदखदून हसलं.

"बैल गोठ्यातच हाय," डॉक्टर म्हणाले. "मेंदूकडून काळजाकडं दोन तऱ्हेच्या नसा जातात. एक कासरा ओढल्यागत काळीज हळू करते, दुसरी पराणी टोचून पळवते. लांब श्वास सोडला की कासरा ओढला जातो, भ्यालं की पराणी बसते. त्यात आपला हुकूम चालत न्हाई. बाबानं तुम्हाला बसवून श्वास सोडायला लावला, अन् मावशीला उकळत्या तेलाशी उभं केलं!"

मग काय विचारता! ज्याच्या त्याच्या मनगटावर काड्या. सासवा सुनांना भुताचं भ्या दाखवत होत्या. सुना "मी चालले माहेरी" म्हणून सासवांच्या काड्या नाचवत होत्या. तेवढ्यात डॉक्टरांनी एक काडी बाबाच्या मनगटावर चिकटवली आणि म्हणाले, "पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब आले!"

बाबाची काडी अशी फडफडली, की मेणासकट खाली पडली.

"बाबाच चोर! घाला याचा हात तेलात!" लोक धावले. कुणी त्याची मानगूटच धरली.

"थांबा!" गोजरबाई आडवी झाली. "माझी काडी नाचली तवा मी चोर नव्हते. मंग ह्याची नाचली म्हणून हा चोर कसा?"

बाबाची मानगूट सुटली. पाटलानं मान खाली घातली. "बरोबर बोलली. उतरवा ती कढई."

"उतरवता कशाला?" गोजरबाई पोटभर हसली. "बेसन आणा की! भजी तळू."

भज्यांच्या गडबडीत बाबानं काढता पाय घेतला. मुखवटा पुढं ज्वारीच्या कणगीत सापडला. चोरांच्या धास्तीनं कचरू गुरवानंच तो तिथं दडवला होता आणि साफ विसरला होता. विसरलेल्या माणसाचं काळीज धडधडणार तरी कशाला?

बाबांनो, धावणारी नाडी एवढंच सांगते, की काळीज धावतंय. का धावतंय, हे तिला विचारून कळत नाही. चोर शोधायचा तर पुरावा शोधा. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर आधी तो आपल्या हातानं करून पाहा.