सांजेपर्यंत लांब

ऋतिकाने ब्रेक दाबले तसं मागचं चाक मुरमावर हातभर घसरलं. तळ्याच्या दगडी काठाला सायकल टेकवून तिने हेल्मेट काढलं, वाटेवर दोन्हीकडे कुणी नाही याची खात्री केली आणि मग खाली बघितलं. निळ्या जर्सीवर दोन ओले गोल केव्हाचे उमटले होते.

साडेअकरा. या वेळेला साई झोपेतून उठतो. उठला की आधी उशीवर हात फिरवून तिला शोधतो.

तिने फोन काढला. लोधिवली मागे पडल्यावर डांबर संपलं होतं, आणि धरणाचं पाणी दिसायला लागलं तेव्हा रेंजही गेली होती. नकाशावरची लाल रेघ तेवढी दिसत होती. सकाळी सातपासून बत्तीस किलोमीटर. पण ती रेघ सरळ नव्हती. तीन ठिकाणी ती घराकडे, दहिवलीकडे वळली होती आणि थोडं जाऊन पुन्हा माघारी फिरली होती.

साईराज सतरा महिन्यांचा झाला तरी त्याचं वजन आठ किलोच्या पुढे सरकत नव्हतं. भात थुंकायचा, पेज थुंकायचा, केळं हातात चुरडायचा. हवं फक्त अंगावरचं. अंगावरचं बंद केल्याशिवाय हा जेवणार नाही, असं डॉक्टरांनी मागच्या महिन्यात स्पष्टच सांगितलं. इंदूबाईंनी, तिच्या सासूबाईंनी, कडुनिंबाचा पाला वाटून लावायला दिला. साईने तोंड वाकडं केलं, अंग शहारलं आणि तरीही प्यायला. मग तिने वरच्या खोलीत कोंडून घेतलं, पण तिला ठसका लागला आणि त्याने तो ओळखला. पुढच्या खेपेला ती नेरळला मैत्रिणीकडे गेली ती बारालाच परत.

"तिन्ही वेळा तूच हरलीस," इंदूबाई म्हणाल्या होत्या. "पोरगं नाय हरलं."

यावेळी तिच्या नवऱ्याने, जितेशने, दोन वर्षांत न हललेली सायकल पुसून, हवा भरून अंगणात उभी केली. "रिक्षाने गेलीस तर रिक्षाने परत येशील," तो म्हणाला. "हिच्यावर लांब जा. दमलीस की यायला तरी वेळ लागेल." आणि तो खोपोलीला पहिल्या पाळीला निघून गेला.

इंदूबाईंनी दारातच अटी घातल्या. सांजेपर्यंत दिसायचं नाही. तो निजला की मग यायचं. आणि फोन करायचा नाही. "तुझा आवाज ऐकला का संपलं सगळं."

तळ्याच्या काठावर उंबराखाली दोन वीरगळ टेकवून ठेवले होते. एकावर कुणीतरी ताजा शेंदूर फासला होता. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात ती आणि जितेश इथे आले होते, तेव्हा दगडातला तलवारवाला आणि त्याच्या वरच्या चौकटीत पुन्हा तोच, स्वर्गात बसलेला, हे तिने त्याला समजावून सांगितलं होतं. आज तिने दगडाकडे धड पाहिलंही नाही. ती बसली, उठली, चाक दाबून बघितलं, पुन्हा बसली. छाती दगडासारखी झाली होती. दंड हलवला तरी कळ येत होती.

लाकडाची मोळी घेऊन एक बाई काठाने आली. मोळी उतरवून तिने डोक्यापासून बुटांपर्यंत ऋतिकाला पाहून घेतलं.

"तुमी त्या सायकलवाल्यांतल्या का? मागल्या ऐतवारी धा-बारा जण गेलं. एकानं माझ्याकडनं बोरं घेतली आन् बियांसकट गिळली."

"आज मी एकटीच आहे."

"नवऱ्यासंगं भांडून निगालाव?"

"नाही हो."

बाईची नजर जर्सीवर थांबली. "पोर केवढं हाय?"

"सतरा महिन्यांचं."

"आन् तू हितं?" तुमीचं तू कधी झालं, तिलाही कळलं नसावं.

"दूध तोडायचंय."

"मंग अशी बसलीस काय? काढून टाक. गाठी धरतील, ताप चढंल."

ऋतिका वीरगळाच्या आडोशाला गेली.

"तितं नको गं. वाट हाय ती. दुधावर कुनाचा पाय पडू नाय." बाईने उंबराची पाण्याकडची मुळं दाखवली आणि स्वतः वाटेकडे तोंड करून, लुगड्याचा पदर दोन्ही हातांनी पसरून उभी राहिली. "मी कोंडी. वरच्या वाडीतली. कोन येत नाय, काढ तू."

पहिली धार येईस्तोवर ऋतिकाने ओठ दाताखाली धरले. मग दूध मुळांवर पडायला लागलं, खाचेत साठलं, वाळलेल्या पानाला घेऊन खाली ओघळलं. ती एकटक बघत राहिली. घरी एक थेंब सांडला तरी ती ओढणीने पुसून घेत असे.

"रडत असेल," तिच्या तोंडून निघालं.

"रडंल तर," कोंडी पाठमोरीच बोलली. "माझी धाकटी, ठमी, लय रडायची म्हनं. आमी ईटभट्टीवर गेलो तवा सासूजवळ ठेवली तिला. चार म्हयनं." ती हसली. "परत आलो. मी हाक मारली, तर मला बघून सासूच्या मागं लपली. बाई कोन आली म्हनून. आठ दिस जवळ येयना."

ऋतिकाचा हात थांबला.

"आता मोठी झालीय. पन अजून काय दुखलंखुपलं का आजीकडंच जाते." कोंडीने पदर सोडला. "झालं का?"

"झालं."

झालं नव्हतं. तिने जर्सीची चेन लावली, हेल्मेटचा पट्टा एकदा चुकला, दुसऱ्यांदा बसला. पाण्याची बाटली तिने कोंडीला देऊ केली. कोंडीने दोन घोट घेतले आणि हेल्मेटवर टिचकी मारून बघितली. "डोक्याव टोपलं बरं हाय. मोळीला चालंल."

परतीचा बेत तिने केलाच नव्हता. सायकल वळली आणि ती निघाली, एवढंच. धरणाच्या मागच्या अंगाने यायला वेळ लागला असता, म्हणून तिने खडीचा उतार धरला. चाकाखालून दगड उडत होते, हँडल हातात थडथडत होतं. वालाच्या शेतातून कुणीतरी "हळू गं बाय" म्हणून ओरडलं. चौक गावात रेंज आली तेव्हा ती एक पाय टेकून उभी राहिली आणि फोन बघितला. एकही मिस्ड कॉल नाही. रडून रडून झोपला असेल. किंवा रडलाच नसेल. यातलं कुठलं तिला हवं होतं हे ठरवत न बसता तिने पुन्हा पेडल मारलं.

तीन वाजता ती चार फाट्याच्या नाक्यावरून दहिवलीत आली. रसवंतीच्या पुढून गल्लीच्या टोकाची त्यांची पाण्याची टाकी दिसत होती, टाकीखाली वाळत घातलेली साईची दुपटी दिसत होती. वाऱ्याने एक दुपटं उलटं झालं होतं. दोन मिनिटांचं अंतर. तिथेच फोन वाजला. इंदूबाई.

"कुठं हायस गं?"

मागे साई रडत होता. मोठ्याने नाही. घसा बसल्यावरचं, मधे मधे थांबणारं रडणं. तिच्या जर्सीवर पुन्हा ओल आली.

"आई, स्पीकरवर नाही ना?"

"नाय. ऐक, तू ये. ऱ्हाऊ दे ते डॉक्टरचं. मला नाय बघवत. सकाळधरनं दारातच बसलाय, हात लावून देत नाय मला. पुढच्या म्हयन्यात बघू."

इंदूबाईंचा आवाज असा तिने कधी ऐकला नव्हता. तिने पेडलवर पाय ठेवला.

"काही खाल्लं का त्याने?"

"कुठलं खातोय. दोन घास पेज, बस."

"थुंकली?"

"नाय, गिळली. माझ्याच ताटातली, आपल्या हातानं. पन रडायचं थांबत नाय ना."

ऋतिकाने पाय पेडलवरून काढून जमिनीवर ठेवला. दुपटं अजून उलटंच होतं.

"आई, मी धरणावर आहे," ती म्हणाली. "चौकच्याही पुढे. यायला सांज होईल."

"येवढ्या लांब गेलीस?"

"हो."

त्याच क्षणी जवळच्या स्टेशनवर गाड्या घाट चढवणाऱ्या इंजिनाने शिट्टी दिली. लांबलचक, एकसारखी. ती तिला उघड्या कानाने ऐकू आली आणि फोनमधूनही आली, दोन्हीकडून एकदमच. तिने फोनवर हात दाबून धरला, पण उशीर झाला होता.

शिट्टी थांबली. पलीकडे साईचा एक हुंदका, मग इंदूबाईंचा श्वास.

"बरं," इंदूबाई म्हणाल्या. "धरणावर हायस तर सावकाश ये. अंधार पडला तरी चालंल."

फोन ठेवला गेला. रसवंतीवाल्याने विचारलं, "ताई, रस देऊ?" तिने नको म्हणून मान हलवली आणि सायकलचं तोंड चौकच्या दिशेला फिरवलं.