तुझी वीत की माझी?

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. जाड सुती, आकाशी रंगाचा, अंगावर पांढरे ठिपके. ठिपके आता शोधावे लागतात. लोकांना वाटतं, पडद्याचं काय, टांगून दिला की झालं! पण जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, ते एकदा मला विचारा. माझी अर्धी हयात त्यातच गेली.

माझा जन्म आजीच्या शिलाई मशीनवर झाला. आजीची लेक, नवरा आणि मुलीला घेऊन परदेशातल्या एका अफाट शहरात राहायला गेली होती. जावई लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत होते. कंपनीने पाठवलं, हे निघाले. मुलीचे आईबाबा ते माझेही आईबाबा, असं मी पहिल्यापासून धरून चाललो आहे.

नव्या घराच्या खिडकीतून समोरचे लोक थेट यांच्या ताटात डोकवायचे. मोजपट्टी सामानात कुठेतरी बुडाली होती. मग आईने अंगठ्यापासून करंगळीपर्यंत पंजा ताणला, खिडकी मोजली आणि फोनवर आजीला माप सांगितलं, सात विती आडवी, नऊ विती उभी. आजीनेही तसाच पंजा ताणून कापड मोजलं आणि कापलं. आता आईचा पंजा नाजूक, आणि आजीचा हा सुपाएवढा! मी पार्सलमधून निघालो, खिडकीवर चढलो आणि उरलेला जमिनीवर लोळलो. आजीला कळवलं, तर तिने उलट सवाल केला.

“अगं, पण वीत कुणाची?” ती म्हणाली. “तुझी की माझी?”

सगळे पोट धरून हसले. बाबा कात्री घेऊन आले, पण आईने त्यांना अडवलं. पुढच्या घराची खिडकी मोठी असली तर, असं तिचं म्हणणं. तिने मला खालून दुमड घातली आणि कच्चे टाके मारले. मला तेव्हा ते लाडाचं वाटलं. पण मित्रांनो, ‘पुढचं घर’ हा शब्द त्या दिवशी घरात शिरला, तो बाहेर पडायचं नावच घेईना.

मुलीला सगळे भिंगरी म्हणायचे. ती बोलताना, जेवताना, दात घासतानाही गिरक्या घ्यायची. मला अंगाभोवती गुंडाळून गरागरा फिरायची आणि वरच्या दांडीचा जीव घ्यायची. नाव पोरीचं भिंगरी, पण खरी भिंगरी लागली होती आईबाबांच्या पायाला.

पहिलं घर बाबांच्या ऑफिसला लागून होतं. बाबा दुपारी जेवायला घरी यायचे, पण ऑफिसं सुटली की खाली चिटपाखरू नाही. आई दिवसभर माझ्याशेजारी उभी राहून रस्ता बघायची. मग आम्ही आपल्या माणसांच्या वस्तीत गेलो. जिन्यात मराठी ऐकून आईला भरून आलं. महिन्याभरात तीच माणसं दार न वाजवता आत येऊन, दुसरं मूल कधी, असं विचारू लागली. शिवाय भिंगरीची शाळा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, पोर बसमध्ये झोपून घरी यायची. मग शाळेजवळच्या झाडांच्या गल्लीत राहायला गेलो. तिथले शेजारी हसून मान हलवायचे आणि लगेच दार लावून घ्यायचे.

दर वेळी माझी दुमड उसवायची, नवी घालायची. माझ्या अंगावर टाक्यांच्या भोकांच्या ओळीच ओळी उमटल्या. एखाद्या खिडकीच्या उन्हाची सवय होते न होते, तोच बाबांच्या फोनवर नव्या घरांचे फोटो यायला लागायचे. नुसती घालमेल व्हायची. वारा नसतानाही मी हलायचो, खोटं नाही सांगत.

त्या तिसऱ्या घरात भिंगरीने आपलं सामानाचं खोकं उघडलंच नाही. शाळेतून आली की माझ्याआड बसून राहायची. आईने एकदा म्हटलं, वर्गातल्या एखाद्या मुलीला खेळायला बोलव.

“कशाला?” भिंगरी म्हणाली. “आपण जाणारच ना.”

तिने गिरक्या घेणं कधी सोडलं, ते घरात कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. माझ्या आलं होतं. मला फार वाईट वाटत होतं, पण पडद्याचं कोण ऐकतं?

आईच्या मात्र ते बोलणं जिव्हारी लागलं. तिने बाबांना स्पष्ट सांगितलं की आता एकच घर बघायचं. पोर तिथे रमली नाही, तर ती तिला घेऊन आजीकडे परत जाईल आणि बाबांनी इथे एकटं राहावं. बाबांचा चेहरा उतरला. या विषयावर पडदा टाकू या, असं काहीतरी पुटपुटले. मी वर लटकून सगळं ऐकत होतो.

मग घरं बघणं सुरू झालं. आई मला पिशवीत घालून सगळीकडे न्यायची, खिडकीला लावून बघायला. घर पडद्यासाठी घ्यायचं की पडदा घरासाठी, असं बाबा चिडवायचे, पण हसायचं कुणीच नाही. अशात सायकल दुरुस्तीच्या दुकानावरचं एक घर आलं. खाली हातोड्यांची ठोकठोक, ऑफिस लांब, आसपास ओळखीची भाषा नाही. स्वयंपाकघरात नळ सोडून बघताना आईबाबा दोघांनी नाकं मुरडली.

इकडे मला खिडकीला अडकवून भिंगरी मुकाट्याने वितीने खिडकी मोजत होती. किल्ली घेऊन दुकानदाराची मुलगी वर आली होती, हात वंगणाने काळे. तिने थोडा वेळ बघितलं आणि स्वतःही पंजा ताणून खिडकी मोजली. दोघींचं उत्तर वेगळं. तिथल्या भाषेत वितीला काय म्हणतात ते भिंगरीला येईना, म्हणून तिने ‘वीत’च म्हटलं. “वीत,” ती मुलगी म्हणाली, आणि खात्री करायला मला मोजू लागली. माझ्या बाजूच्या काठावर अंगठ्याचा एक काळा ठसा उमटला, करंगळीचा दुसरा.

“वीत कुणाची?” भिंगरी चक्क मराठीतच ओरडली. “तुझी की माझी?”

त्या मुलीला ओ की ठो कळलं नाही. पण ती खदखदून हसली, आणि भिंगरीने मला अंगाभोवती गुंडाळून एक गिरकी घेतली.

आईबाबा धावत आले. डाग बघून आई रागवायला गेली आणि तशीच थांबली.

“ऑफिस फार लांब पडेल,” बाबा हळूच म्हणाले.

“पडू दे.”

बाबांनी लेकीकडे बघितलं. गिरक्या थांबल्या नव्हत्या. “पडू दे,” तेही म्हणाले.

ती खिडकी आधीच्या सगळ्या खिडक्यांपेक्षा लहान निघाली. राहायला आलो त्या दिवशी भिंगरीने स्वतःच कात्री आणली आणि म्हणाली, “आई, आता काप.” आईने मला जमिनीवर पसरलं. कात्री टाक्यांच्या सगळ्या ओळींच्या वरून फिरली. दुखलं, मित्रांनो. पण इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं. निघालेली पट्टी भिंगरी आणि दुकानदाराच्या मुलीने अर्धी अर्धी वाटून घेतली. बाबा अजूनही बसमध्ये उभं राहावं लागतं म्हणून कुरकुरतात.

आता मी विटलोय. भिंगरीची वीत आजीच्या वितीला मागे टाकून गेली आहे. तुम्हाला एवढंच सांगणं आहे की घर बघायला जाल, तेव्हा घरातल्या सगळ्यात छोट्या हातालाही मोजू द्या. पडद्यांना हात पुसू नका, अधूनमधून धूळ झटका. मलाही जपून धुवा. काठावरचे ते दोन काळे ठसे मात्र घासू नका. आईसुद्धा तेवढी जागा सोडूनच साबण लावते.