खाडीतली इंजिनं थांबली ती सकाळ

मित्रांनो, वाळूवर पाठ टेकून पडलेली, निळा रंग उडालेली मी एक जुनी होडी आहे. मेक्सिकोच्या या खाडीत माझं सगळं आयुष्य गेलं. फायबरच्या कापडावर उग्र वासाचा डिंक थापत एका खोकणाऱ्या कारागिराने मला घडवलं आणि एवारिस्तो नावाच्या तरुण कोळ्याने मला घरी आणलं.

उन्हाळ्यात आम्ही जाळी टाकायचो. हिवाळ्यात उत्तरेच्या गारठलेल्या समुद्रातून करडे देवमासे यायचे. माद्या इथल्या उथळ, उबदार पाण्यात पिल्लांना जन्म द्यायच्या. सुरुवातीला कोळी त्यांना घाबरत. वल्ह्याने माझा तळ ठोकत, म्हणजे ते लांबून जातील. पण पुढे माद्याच पिल्लांना ढकलत आमच्यापाशी आणू लागल्या. त्यांची खरबरीत तोंडं माझ्या अंगाला घासायची. मग दूरदूरचे लोक बघायला येऊ लागले, आणि मला दरवर्षी नवा रंग मिळू लागला.

एवारिस्तोचा मुलगा फेर्मिन माझ्या पुढच्या टोकावर बसायचा, तळव्याने पाणी थोपटून पिल्लांना बोलवायचा. पाहुण्यांना गंभीरपणे सांगायचा, "हात धुऊन आलात ना? तिला अत्तर आवडत नाही." त्याचा धर्मपिता आणि म्हणून एवारिस्तोचा 'कोंपाद्रे' लादिस्लाओ, जो आता पाहुण्यांच्या फेऱ्या होड्यांना वाटून द्यायचा, त्याला चिडवायचा, की जाळं ओढायला आळशी आणि गप्पा मारायला पुढे.

एका शरद ऋतूत फेर्मिन दुसऱ्याच्या होडीवरून शेवंडं पकडायला खाडीबाहेर गेला. त्या होडीच्या फळ्या किनाऱ्याला लागल्या. तो लागला नाही. एवारिस्तोने मला घेऊन सगळा समुद्र पालथा घातला. पेट्रोल संपत यायचं, तो परत यायचा, भरायचा, पुन्हा निघायचा. शेवटी एके दिवशी त्याने मला वाळूत उलटी करून ठेवली आणि तो घरी निघून गेला.

माझ्या पोटाखाली खेकडे राहू लागले. पाठीवर पक्ष्यांची शिट वाळली. ऊन लागायचं, थंडी लागायची, पण त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

देवमासे मात्र आले. एवारिस्तोची बायको ओतिलिया एका सकाळी त्याला हाताला धरून माझ्यापाशी घेऊन आली. म्हणाली, "म्हाताऱ्या, घरात बसून भिंत झिजत नाही. चल, दुसऱ्या बाजूने उचल." दोघांनी मला सुलटी केली.

तो रोज पाण्यावर जाऊ लागला. पाहुण्यांना तीच ती वाक्यं सांगायचा. पिल्लू जवळ आलं की सगळे वाकायचे. तो सुकाणूपाशी हात मांडीवर ठेवून बसून राहायचा.

हंगाम संपत आला होता, तेव्हा ती मादी दिसली. तिच्या पाठीवर पिल्लू होतं. ते घसरून पाण्यात जायचं, ती खाली बुडायची, पुन्हा त्याला वर उचलायची. पिल्लू श्वास घेत नव्हतं.

चार होड्या तिच्याभोवती फिरू लागल्या. आमच्या पाहुण्यांनीही कॅमेरे उचलले. एवारिस्तोने इंजिन बंद केलं. लादिस्लाओ आपली होडी शेजारी घेऊन आला.

"कोंपाद्रे, फार लांबून आलेत हे लोक. जरा जवळ घे की."

"नाही घेणार."

"मग उद्यापासून तुला फेरी कशी देऊ मी?"

"नको देऊस." एवारिस्तो त्या मादीकडे बघत होता. आवाज चढला नाही, की कापला नाही. "तिच्याकडे उचलायला काहीतरी आहे. तेवढं उचलू दे तिला."

लादिस्लाओने टोपी काढली. मग त्याने स्वतःचं इंजिन बंद केलं आणि रेडिओवर इतरांना थांबायला सांगितलं. एकेक आवाज विझत गेला. उरला फक्त तिचा श्वास. पाहुण्यांनी कॅमेरे मांडीवर ठेवले. ओहोटीने आम्ही हळूहळू बाजूला सरकत होतो, आणि ती पिल्लाला घेऊन खाडीच्या तोंडाकडे चालली होती.

एवारिस्तो रडला नाही. किनाऱ्यावर ओतिलियाला त्याने सगळं सांगितलं, जाळ्यात काय लागलं हे सांगावं तसं.

"किती वेळ उचलत होती?" तिने विचारलं.

"आम्ही निघालो तेव्हाही उचलतच होती."

ती माझ्या काठावर बसली. तोही बसला. अंधार पडेपर्यंत दोघं खाडीच्या तोंडाकडे बघत होती.

मित्रांनो, लादिस्लाओने फेरी काढून घेतली नाही. एवारिस्तो अजून जातो, आता नव्या होडीतून. मी इथे आहे. मला रंग द्या असं मी म्हणणार नाही. फक्त कधी या पाण्यावर आलात आणि एखादी आई तुमच्याकडे आली नाही, तर तिच्या मागे जाऊ नका. इंजिन बंद करायला सांगा, आणि लांबच थांबा.