जमिनीवरचा नान

दुसऱ्या घाण्याची कणीक फुगली नव्हती, म्हणून मी ती तंदुराला लावायला नकार दिला. एवढंच भांडणाचं कारण. आमच्या कोकंद शहरातल्या नानभट्टीचा नवा मॅनेजर कुद्रत असा तडकला की हातातला गरम नान त्याने जमिनीवर आपटला. मी ओरडले, तर वर मलाच म्हणतो, "ओयदिन, माझ्यावर आवाज चढवलास. लेखी माफी माग, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

माझं डोकंच सणकलं. अरे, आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा पडलेला तुकडा उचलून कपाळाला लावतं!

"मागते की माफी. आधी तो नान उचल."

"मी? तुम्हा बायकांपुढे वाकू?"

"आमच्यापुढे नको रे मेल्या, अन्नापुढे वाक!"

भट्टीवर काम करणाऱ्या आम्ही आठही जणी हाताची घडी घालून उभ्या राहिलो. तंदुरातले पहिल्या घाण्याचे नान करपू लागले, धूर झाला, पण एकीनेही पाऊल हलवलं नाही. शेवटी कुद्रत वाकला. नान झटकून त्याने कपाळाला लावला.

मग मी कागद घेतला आणि लिहिलं, "साहेबांवर ओरडले, माफी मागते. त्यांनी पुन्हा अन्न आपटलं, तर पुन्हा ओरडेन."

खाली बाकीच्या सातजणींनी न सांगता सह्या केल्या.