देवाचे अकरा फोटू

शनवारी सकाळी देवाची खोळ गळाली. नेरे गावात आमच्या भावकीचं भैरोबाचं देऊळ हाय, शेताच्या कडंला, चार खांबांचं. शेंदूर चढून चढून देवाचा नुसता गोळा झाला हुता, त्यो सारा थर सुटून खाली पडला. भावकीची रीत अशी, की खोळ नदीत सोडायची अन् तिसऱ्या दिवशी, म्हंजी सोमवारी, नवा शेंदूर लावायचा. तवर देव जसा घडवला तसा उघडा. मागं खोळ गळाली तवा माझी सासू नवी नवरी हुती. म्हंजी ह्यो सोमवार गेला, की ह्या जल्मात मी काय देवाचं तोंड बगत न्हाई.

पन बगनार कसं? गाभाऱ्यात बाईला बंदी. लगीन होऊन आले तवापासनं, चौतीस वर्सं, देवाचा शेंदूर मी तेलात खलतीया. नखं लाल व्हायची माझी, अन् देव बाप्यांचा. उंबऱ्याभाईरनं बगावं तर आत एक तेलाचा दिवा, अन् त्याच्या म्होरं बहिरू गुरवाची पाठ. चौतीस वर्सं मी बहिरूच्या पाठीलाच हात जोडले, खोटं कशाला बोलू?

आमच्या वरच्या खोलीत मृण्मयी भाड्यानं ऱ्हायची. अकोल्याची पोरगी, हिंजवडीला कंपूटरच्या कंपनीत. ही दोन हजार सातची गोष्ट. तिच्याकडं मोठा डिजिटल कॅमेरा हुता, सुट्टीला पाखरांचे फोटू काढत हिंडायची. रैवारी सकाळी मी तिला हाताला धरून देवळात नेलं.

बहिरू म्हनला, "वैनी, पोरीला आत न्हाई सोडायची."

"पोरगी न्हाई, कॅमेरा जातुया आत. त्यो बाई हाय का बाप्या, तूच सांग."

बहिरूनं डोकं खाजवलं. "बरं. पन देवाच्या दिव्याबिगर दुसरा उजेड न्हाई पाडायचा."

म्हंजी फ्लॅश गेला. मृण्मयीचं तोंड पडलं. "काकू, एवढ्या अंधारात फोटो चांगला नाही येणार."

"वाईट येऊ दे. पन येऊ दे."

ती जरा इचार करत बसली. मग तिनं बहिरूला धडा दिला. कॅमेरा एका जागी पक्का ठेवायचा, हलवायचा न्हाई, अन् तीस फोटू काढायचे. बहिरूनं धान्य मापायची पायली पालथी घातली अन् वर कॅमेरा ठेवला. त्यानं बटन दाबून हात काढला, की दोन सेकंदांनी खट्ट व्हायचं. दर खट्टला त्यो चांगभलं म्हनायचा. आमी दोघी भाईर बसून मोजत हुतो.

सांजंला तिच्या मांडीवरच्या कंपूटरवर पहिला फोटू बगितला अन् माझं डोकंच फिरलं. सगळीकडं लाल-निळे ठिपके, नाक कुटं अन् डोळं कुटं कळंना.

"ह्यो देव हाय का गोवर आलेलं पोरगं?"

मृण्मयी हसली. "काकू, उजेड कमी पडला की कॅमेरा असे ठिपके पाडतो. पण प्रत्येक फोटोत ते वेगळ्या जागी पडतात. देव मात्र जागचा हलत नाही. सगळे फोटो एकावर एक ठेवून सरासरी काढली, की ठिपके विरतात आणि देव उरतो."

मला पटलं. नळावर भांडन झालं अन् एकीलाच इचारलं, तर ती सोताचा मीठमसाला लावून सांगती. पन ईस जनींना इचारा. मसाला परत्येकीचा निराळा, भांडन एकच. खरं काय ते आपसूक कळतं.

तिनं तीस फोटू एकावर एक चढवले. ठिपके गेले की! पन देवाच्या कपाळावर एक फूल आलं, पातळ, आरपार दिसनारं, भुतावानी. मृण्मयीनं एकेक फोटू उलटून बगितला. अकराव्यापर्यंत कपाळ मोकळं, बाराव्यापासनं झेंडू. बहिरूचीच करनी ती. उघडा देव त्याला बगवला न्हाई, हाताला सवय, मधीच फूल वाहून मोकळा झाला मुडदा.

"गेलं सगळं पान्यात," मी म्हनलं.

"थांबा हो काकू. फुलाआधीचे अकरा आहेत ना आपल्याकडे. तिसांइतका साफ नाही येणार, पण येईल."

अन् आला. मिटलेले डोळे, मिशी, व्हटाच्या कडंला जरासं हसू. लई देखना. मी रडले, त्यात लाज कसली. चौतीस वर्सांनी घरच्या मानसाचं तोंड दिसलं.

मग मी खाली बोट दावलं. "ते पायाशी काय हाय गं?"

तितं नुसता काळोख हुता. मृण्मयीनं तेवढाच भाग उजळवला. वीतभर उंचीची बाई हुती, दगडातच कोरलेली. डोईवर पदर, हात जोडलेले. गाभाऱ्यात, देवाच्या पायाशी.

सोमवारी हापिसाला जायच्या आधी मृण्मयी कंपूटर घेऊन माझ्यासंगं देवळात आली. भावकीतले चार बापे जमले हुते. बहिरूनं फोटू बगितला. आत गेला, दिवा उचलून खाली धरला अन् वाकून लई वेळ बगत ऱ्हायला. मग भाईर आला अन् म्हनला,

"हाय. चाळीस वर्सं मी हिच्यावर तेल सांडतुया."

"नक्षी असंल," एक बाप्या म्हनला.

"नक्षी हात जोडती व्हय?" बहिरूनं त्याला गप केलं.

दर साली उंबऱ्यावर त्यो माझ्या हातातली शेंदराची वाटी घ्यायचा. त्या दिवशी बी त्यानं हात फुडं केला, अन् मागं घेतला.

"वैनी, पाय धुऊन आत या. हिला तुमीच लावा."

मी पाय धुतले. उंबरा वलांडला. देवाच्या पायाशी बसले, वाटीत बोट बुडवलं, अन् तिच्या कपाळाला कुंकवाएवढाच शेंदूर लावला.

"देवाला काय लावायचा तेवढा लाव," मी बहिरूला बजावलं, "पन हिचं तोंड आता झाकायचं न्हाई."